भिंतीवरचा दुसरा पाय

संपादक साहेबांनी निरोप धाडला, की तुम्ही जन्मभर पाट्या रंगवल्या, तर दिवाळी अंकासाठी त्यातल्या गमतीजमती लिहा. वाचणाऱ्याला हसू येईल असं बघा, म्हणाले. मी चौथी शिकलेला माणूस. अक्षरं काढण्यात हयात गेली, पण ती सगळी दुसऱ्यांची. स्वतःच्या मनातलं लिहायची ही पहिलीच वेळ. गमती सांगतो, त्यात कंजुषी करत नाही. पण ज्या कामावर येऊन माझा ब्रश थांबला, ते काम गमतीचं नाही. ते गाळून बाकीचं सांगायचं म्हणजे भेगा न बुजवता वरून रंग फासणं. तसली कामं नाशकात पुष्कळ होतात. मीही केलीत.

आधी धंदा सांगतो. फ्लेक्स यायच्या आधी दुकानाचं नाव हातानं लिहिलं जायचं. पत्रा आणायचा, घासायचा, अस्तराचा हात मारायचा, वाळला की रंगाचे दोन हात. मग दोरी निळीत लोळवून दोन खिळ्यांना ताणायची, मधे चिमटीत धरून ओढायची आणि सोडायची. फट् आवाज होतो आणि पत्र्यावर सरळ निळी रेघ उमटते. त्या रेघेला अक्षरं लोंबवायची. मला वाचायला वेळ लागतो, पण कुठल्या अक्षराचं पोट किती फुगवायचं आणि शेपूट कुठं आवरायची, हे हाताला पाठ आहे. चित्र मोठं करायचं असेल तर कागदावर पेन्सिलीनं चौकोन आखायचे, भिंतीवर तेवढेच चौकोन मोठे आखायचे, आणि एकेक घर उतरवत जायचं. मग माणूस हत्तीएवढा काढला तरी नाक नाकाच्या जागी येतं.

पावसाळ्यात इगतपुरीचं काम धरायचं नाही, हाही धंद्यातला नियम. मी एकदा धरलं. लॉजचं नाव सकाळी लिहिलं, दुपारी ते खालच्या पायरीवर वाहत आलं. मालक म्हणाला, "पेंटर, आता गिऱ्हाईकाला पायरी वाचून दाखवू का?"

हे काम मला शिकवलं भद्रकालीतल्या एका उस्तादानं. त्यांचा एकच मंत्र होता, सफाई. "गिऱ्हाईकाला काय पायजे ते गिऱ्हाईकाला कळत नाय," ते म्हणायचे. "तो वाकडं सांगणार. तू सरळ करून द्यायचं. तो म्हणेल, मला हेच पायजे होतं." हा मंत्र मी जन्मभर चालवला, आणि तो खोटा आहे असं कुणी मला सांगितलं नाही.

लासलगावला कांद्याच्या आडतीचं दुकान होतं. दोन भागीदार. बोर्ड करायला थोरला आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "त्याचं नाव माझ्यापेक्षा जरा बारीक काढ. पण त्याला कळता कामा नये." मी उंची दोघांची सारखी ठेवली. थोरल्याचं अक्षर जाड केलं आणि त्याला काळी सावली दिली. धाकटा आला, बोर्डाखाली उभा राहून मान तिरपी करून बघत राहिला आणि म्हणाला, "छान झालाय. पण मला उगाच माझं वजन कमी झाल्यासारखं का वाटतंय?" थोरला म्हणाला, "वैनीला सांगतो, खायला घाल म्हणून." मी खाली बघून ब्रश धूत होतो.

दुसरं काम विंचूरचं. एका घरातले कर्ते गृहस्थ वारले होते. मुलांना त्यांचं मोठं चित्र पाहिजे होतं, दुकानात लावायला. फोटो दिला. त्यात त्यांचा एक डोळा तिरळा. मुलांनी काही सांगितलं नव्हतं. मी आपल्या मनानं डोळा सरळ केला, गालाचा खड्डा भरला, मिशीला आकडा दिला. मुलं एकदम खूश. "पेंटर, आमचे दादा तर साहेब दिसायला लागले!" म्हणाले. त्यांची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं चित्राकडे पाहिलं, पदर डोक्यावर ओढला आणि आत गेली. मला वाटलं, बाईला भरून आलं असेल. पुढं ही गोष्ट मी चहाच्या टपरीवर कितीदा तरी फुशारकीनं सांगितली. माझी बायको मात्र ऐकून म्हणाली, "अहो, ती बिचारी त्या तिरळ्या डोळ्याशीच संसार करून बसली होती ना? तिनं आता बघायचं कुणाकडं?"

मी म्हणालो, "तुला काय कळतं त्यातलं?"

आता तिचंच सांगतो. माझी बायको सुमन. तिचं नाव आज लिहितोय, जिवंतपणी त्या नावानं कधी हाक मारली नाही. 'अगं' म्हटलं की ती यायची. आमच्या वस्तीच्या तोंडाशी एक बालवाडी आहे, तिथं ती मदतनीस होती. पोरांना घरून आणायचं, त्यांची नाकं पुसायची, खिचडी शिजवायची, रडणाऱ्याला कडेवर घेऊन वाढायचं. निम्मी वस्ती तिच्या हातून नाक पुसून मोठी झालेली आहे. तिला सगळे सुमनआजी म्हणायचे, पोरांचे बापसुद्धा.

म्हातारपणी साखरेनं तिचा डावा पाय नेला. अंगठ्याला जखम झाली, ती काळी पडत वर चढली, आणि डॉक्टरांनी गुडघ्याखालून पाय काढला. चाकाची खुर्ची मिळाली. घरी आल्या आल्या तिनं विचारलं, "अहो, बालवाडीत कधी न्याल?"

"लोकांना बघायला तमाशा पायजे का?" मी म्हणालो.

"बघू द्या की. बघून बघून कंटाळतील."

ती ऐकेना म्हणून मी तिला न्यायला लागलो. पण बालवाडीला पुढून सिमेंटचा सरळ रस्ता असताना मी तिला मागच्या बोळानं न्यायचो, गटाराच्या कडेकडेनं. खुर्ची खडखडायची, ती दोन्ही हातांनी दांडे धरून बसायची. "हाडं खिळखिळी झाली माझी. पुढून घ्या ना." मी म्हणायचो, पुढं गर्दी असते. गर्दी बिर्दी काही नव्हती. टपरीवर माझे दोस्त बसलेले असायचे, तेवढंच. आणि तिच्या मांडीवर कायम शाल, भर वैशाखातही. ती काढायची, मी परत टाकायचो. पट्टी करायला नर्स आली की मी बाहेर जायचो. पुढं जखम भरली तरी अंघोळीला ती सरकत गेली की मी दाराशी बादली ठेवून तोंड फिरवायचो. कुणाच्या लग्नात फोटो काढायची वेळ आली की मी बरोबर तिच्या खुर्चीपुढं उभा राहायचो. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला फोटोची हौस आहे.

बालवाडीच्या दारात तिला सोडलं की मी मागं वळून बघत नसे. आत ती काय करते, हे मी कधी विचारलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर ती गेली. झोपेतच गेली. शेवटपर्यंत खिचडीच्या डाळीची काळजी.

त्यानंतर मी कामं घेणं बंदच केलं होतं. उन्हाळा लागायच्या सुमाराला बालवाडीच्या वैशालीताई घरी आल्या. त्या पोरांना शिकवतात, सुमनच्या हाताखाली त्या पोरं सांभाळायला शिकल्या असं त्याच म्हणतात. म्हणाल्या, "काका, मुलांनी चित्रं केलीत. 'आपली वस्ती कशी पाहिजे' असं मी त्यांना विचारलं होतं. झाडं असलेली, सगळ्यांना राहता येईल अशी. पुढच्या रस्त्याकडच्या कुंपणाच्या भिंतीवर ती मोठी करून काढायचीत. तुमच्याशिवाय कुणाला सांगू?"

त्यांनी कागद माझ्यापुढं पसरले. तीन-चार वर्षांची पोरं ती. बिटाचा लाल, हळदीचा पिवळा, पालकाचा हिरवा, चुलीतला कोळसा. बटाटे अर्धे कापून त्यांचे ठसे मारलेले. एका पोरानं प्रत्येक घराच्या छपरावर झाड काढलेलं, मुळं खाली स्वयंपाकघरात लोंबतायत. इरफान म्हणून एक पोरगा आहे, त्याला ऐकू येत नाही नि बोलताही येत नाही. त्यानं नळावरची रांग काढली होती, आणि रांगेतल्या प्रत्येकाचे हात सुपाएवढे. रांगेत शेवटी एक कुत्रं, त्यालाही हात.

आणि एक चित्र तनूचं होतं. तनू ही पेठ तालुक्यातून कामाला आलेल्या गवंड्याची पोरगी. तिच्या चित्रात मोठं झाड होतं, आमच्या बालवाडीचं दार होतं, आणि दाराला पायऱ्यांच्या जागी लांबलचक उतार, अगदी रस्त्यापर्यंत आलेला. उतारावर दोन चाकं, चाकांवर एक बाई. बाईला एक पाय. दुसऱ्या बाजूला गुडघ्यापाशी तपकिरी डाग पडलेला.

"ही सुमनआजी," ताई हळू म्हणाल्या. "आजी वस्तीत पाहिजेच, असं तनू म्हणाली."

आजी गेली हे त्या पोरीला कळलं नव्हतं, की कळूनही तिनं जागा ठेवली होती, मला सांगता येत नाही.

निघताना ताई दारात थांबल्या. "काका, जसंच्या तसं काढायचं हं. मुलांचं आहे ते."

"हो हो," मी म्हणालो. गिऱ्हाईकाला असंच म्हणायचं असतं.

त्याच वेळी ताईंना बाहेरगावी प्रशिक्षणाला जावं लागलं. भिंतीला दिवसभर ऊन, म्हणून मी पुढून ताडपत्री बांधली. आत मी एकटा. भेगांत लांबी म्हणजे पुटी भरली, घासली, पांढरा हात मारला. कागदांवर चौकोन आखले, भिंतीवर दोरी मारली. कित्येक महिन्यांनी तो फट् आवाज ऐकला आणि खरं सांगतो, बरं वाटलं. हात चालायला लागला.

हात कसा चालला ते सांगतो. छपरावर झाड उगवत नसतं, म्हणून झाडं खाली आणली, ओळीत लावली, सारख्या उंचीची. रांगेतल्या माणसांचे हात बेतात केले. कुत्र्याला कुत्र्यासारखे पाय दिले. इरफान मुका आहे हे मला माहीत होतं. पण ते आणि ते सुपाएवढे हात, ह्यांची गाठ माझ्या डोक्यात पडली नाही.

मग तनूच्या चित्रापाशी आलो. इथं मी चुकलो असं म्हणणार नाही. चुकणं म्हणजे न कळता झालेलं. मला ती कोण हे माहीत होतं. मी मनात म्हणालो, निदान भिंतीवर तरी धड राहू दे. मी तिला दुसरा पाय काढला. चांगला काढला. टाच काढली, दोन्ही पायांत जोडवी काढली, हिरव्या काठाचं लुगडं काढलं. गुडघ्यापाशी पडलेला डाग अर्थातच सोडून दिला, पोरानं सांडलेला रंग कोण भिंतीवर काढतं? पाय धड झाल्यावर चाकं कशाला, म्हणून चाकाची खुर्ची साधी केली. चाकं गेल्यावर उतार कशाला, म्हणून उताराच्या पायऱ्या केल्या. छान, काटकोनात, दोरी मारून. एक पाय सरळ करायला गेलो आणि सगळी वस्ती सरळ होत गेली.

काम संपल्यावर मी खाली बसलो, तिच्याकडे पाहिलं आणि रडलो. मला वाटलं, मी तिला काहीतरी दिलं.

ताई परतल्या त्याच दिवशी उद्घाटनाचा कार्यक्रम. पाहुणे आले, वरचे साहेब आले, हार झाले. ताडपत्री सोडली तशा टाळ्या पडल्या. "काय सफाई आहे!" एक पाहुणे म्हणाले. "बालमनाचा अगदी आरसा!" फोटो निघाले. माझ्या खांद्यावर शाल टाकली. टपरीवाला लांबून ओरडला, "काका, काकू एकदम फक्कड काढल्या!"

पोरं पुढं मांडी घालून बसली होती. त्यांना सांगितलं, जा, आपापलं चित्र शोधा. ती उठली, भिंतीपाशी गेली आणि हिंडत राहिली. जत्रेत आई चुकल्यासारखी. ज्या पोरानं छपरावर झाड काढलं होतं, ते ताईंचा पदर ओढून म्हणालं, "माझं कुठंय?" ताईंनी बोट दाखवलं. "ते नाय माझं," ते म्हणालं. इरफान नळाच्या रांगेपुढं उभा राहिला. त्यानं रांगेतल्या माणसांचे हात बघितले. मग स्वतःचे दोन्ही हात वर करून बघितले, काखेत घातले आणि जाऊन बसला. तेव्हा मला कळलं. तो हातांनी बोलतो. त्याच्या वस्तीत सगळे त्याच्याशी बोलणारे होते. मी सगळ्या वस्तीला मुकं केलं होतं.

तनू माझ्यापाशी आली. "आजोबा, ही कोण?"

"अगं, सुमनआजी."

"नाय." तिनं भिंतीवरच्या पायावर हात ठेवला. "हा कुणाचा पाय?"

शाल अंगावर होती, तरी मला उघडं पडल्यासारखं झालं. ताई जवळच होत्या. त्यांनी नुसतं डोक्यावरून पदर ओढावा तसं तोंड फिरवलं. मला विंचूरच्या दारातली ती बाई आठवली.

घरी आलो आणि तनूचा कागद शोधायला लागलो. पाय कापल्यावर सुमन कशी दिसायची, ह्याचा एक फोटो माझ्यापाशी नाही. सगळ्या फोटोंत मी पुढं उभा. जे काही होतं ते त्या कागदावर होतं. आता धंद्यातली एक खोड सांगतो. चित्र भिंतीवर उतरलं की नमुन्याच्या कागदाचं काम संपतं. तो आम्ही ब्रश पुसायला घेतो. कागद माझ्या डब्यात सापडला. तेलरंगानं कडक झालेला, चुरगळून बोळा झालेला. उलगडायला गेलो तर घडीत तुटला. उताराचा एक तुकडा तेवढा ओळखू आला. हिरव्या काठाचं लुगडं रंगवून झाल्यावर मी ज्या कागदाला ब्रश पुसला, तो तिचा होता.

दुसऱ्या दिवशी बालवाडीत गेलो. "ताई, सगळं पांढरं करतो," म्हणालो.

"अहो काका, पाहुण्यांना आवडलंय. फोटो छापून आलेत."

"पाहुणे राहतात का इथं?"

ताईंनी भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मी तुम्हाला जसंच्या तसं म्हणाले होते."

"हो."

"मला वाटलं, निदान आजींचं तरी तुम्ही..." त्या काय बोलणार होत्या ते मला माहीत आहे. इथं लिहीत नाही.

मी भिंत पांढरी केली. टपरीवर बातमी झाली की म्हाताऱ्याला म्हातारचळ लागला, छापून आलेलं चित्र पुसतोय. बोलू दिलं. ह्या वेळी ताडपत्री बांधली नाही.

मग पोरांना रंग दिले आणि मी नुसता डबे धरायला बसलो. फार अवघड गेलं. पोरगं झाडाचं खोड वाकडं काढतं आणि माझ्या मनगटाला मुंग्या येतात. मी हात मांडीखाली दाबून बसलो. झाडं परत छपरावर गेली. इरफाननं रांग काढली आणि ह्या वेळी हात आधीपेक्षा मोठे, एकेक हात सायकलच्या चाकाएवढा. कुत्र्याला चार हात. तो माझ्याकडे बघून हातांनी काहीतरी बोलला. मला कळलं नाही. ताई म्हणाल्या, "म्हणतोय, डबा सरळ धरा, सांडतंय."

तनू मात्र काढेना. बुटक्या स्टुलावर गाल धरून बसून राहिली.

"काढ ना गं, आजी काढ."

"नाय. तुम्ही परत पुसाल."

"नाही पुसणार."

"पुसली ना मागं."

तिची जागा तशीच पांढरी राहिली. दाराच्या बाजूला, बरोबर मधे. पोरं रोज येता-जाता तिथं बघायची. सुट्टी लागायचे दिवस जवळ आले. शेवटी मी ताईंना म्हणालो, "मी काढतो. पोरीसमोर काढतो."

तनूला शेजारी बसवलं. चौकोन आखले नाहीत, दोरी मारली नाही. काढायला समोर कागद नव्हताच. उतार काढला, चाकं काढली. तनू म्हणाली, "चाक एवढं गोल नव्हतं." मी म्हणालो, बरं. खुर्चीत सुमनला बसवलं. चष्म्याची दोरी काढली, तोंडातली सुपारी काढली, म्हणजे गाल फुगवला. तनू हसली. उजवा पाय काढला, त्यात जोडवं. मग डाव्या बाजूला आलो. लुगड्याचा काठ खाली सोडला, जरा झुपकेदार, मांडीवरून ओघळणारा.

"आजोबा, लुगड्यात काय लपवलं?"

"काही नाही गं. काठ आहे तो."

"आजी नाय लपवायची."

मी ब्रशकडे बघितलं. भिंत पांढरी करून, सगळ्या वस्तीसमोर नाक घासून, मी परत तिच्या मांडीवर शाल टाकली होती. हाताला तेवढंच येत होतं.

चिंधीनं काठ पुसला. ब्रश तपकिरी रंगात बुडवला, उचलला, आणि हात तिथंच थांबला. मला तिचं काहीही काढता आलं असतं. भुवईवरची खूण, कानाची भोकं, हसताना दिसणारा बाजूचा दात. गुडघ्याखाली काय होतं, ते मला माहीत नव्हतं. मी बघितलंच नव्हतं.

"कसा होता गं?" मी विचारलं.

तनूनं माझ्याकडे मोठे डोळे करून पाहिलं. "तुम्हाला नाय माहीत? आजी तुमच्याच घरात ऱ्हायची ना?"

"तू सांग."

"बटाट्यासारखा," ती म्हणाली. सरळ, त्यात काय सांगायचं, अशा आवाजात. "आजी म्हणायची, माझ्या पायाचा बटाटा झालाय, हात लावून बघा. आम्ही हात लावायचो. तिला गुदगुल्या व्हायच्या. मी बटाट्याचाच मारला होता ना चित्रात."

गुडघ्यापाशी पडलेला तो डाग. सांडलेला रंग म्हणून मी सोडून दिला होता तो.

ताई आत गेल्या आणि खिचडीच्या बटाट्यांतला एक अर्धा कापून घेऊन आल्या. तनूनं तो रंगात बुडवला. तिचा हात पोचेना, म्हणून मी तिला कडेवर घेतलं. तिनं जीभ बाहेर काढून, दोन्ही हातांनी, बरोबर गुडघ्यापाशी तो दाबला. उचलला. गोल, तपकिरी, जरा लांबट ठसा उठला. रंग जास्त झाला होता, एक ओघळ खाली उतारावर आला. माझा हात सवयीनं चिंधीकडे गेला. चिंधी तनूच्या हातात दिली. तिनं त्या चिंधीनंच आपलं नाक पुसलं.

"झाली आजी," ती म्हणाली. "सोडा आता मला."

संपादक साहेब, गमती लिहा म्हणाला होतात. जमल्या तेवढ्या लिहिल्या. भिंत अजून आहे, पावसात थोडी उतरली. ओघळ तसाच आहे. त्यानंतर मी ब्रश धरलेला नाही. रोज सकाळी तेवढा तिथं जाऊन येतो. पुढच्या सिमेंटच्या रस्त्यानं जातो. टपरीवर दोस्त बसलेले असतात, ते हाक मारतात, मी हात वर करतो. कुणी वर मानही करून बघत नाही. रस्ता चांगला आहे, कुठं खड्डा नाही. खुर्ची अलगद गेली असती.